बिनतारी दुखणे

"आले का?" आणि "गेले का?" हे दोन प्रश्न आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या विचारले जात आहेत. आजीच्या काळी ते नळाच्या पाण्याविषयी असत. आईच्या काळी ते विजेविषयी झाले, लिंग तेवढे बदलले आणि "आली का?", "गेली का?" असे म्हणू लागले. आता पाणी बऱ्यापैकी येते, वीजही टिकते, आणि प्रश्न पुन्हा मूळच्या नपुंसकलिंगी रूपावर येऊन ठेपला आहे. सोप्यातून माजघरात हाक जाते, "नेट आले का हो?" आणि माजघरातून उत्तर येते, "आले होते."

या "आले होते"मध्ये सारे दुखणे भरलेले आहे. जे मुळीच येत नाही त्याचा शोध सोपा असतो. तार तुटली, पैसे भरायचे राहिले, डबा जळला. कारण सापडते आणि निवारणही होते. पण जे येते, दहा मिनिटे थांबते आणि ऐन वेळी उठून जाते, त्याचे निदान अवघड. एक दिवसाआड येणाऱ्या हिवतापासारखे ते असते. वैद्य येतो त्या दिवशी रोगी ठणठणीत असतो. आमचा हा ताप महिन्याचा होता. साधारण सतरा तारखेला अंग गरम व्हायचे आणि वीस तारखेला वात व्हायचा.

वीस तारीख का, ते सांगायला हवे. माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) एका कापडदुकानात सव्वीस वर्षे हिशेबनीस होते. २०२० मध्ये ते दुकान बंद झाले. तेव्हापासून अण्णा घरीच बसून गावातल्या लहान दुकानदारांच्या वह्या लिहितात आणि त्यांची जीएसटीची विवरणपत्रे भरतात. दरमहा भरणाऱ्यांचे ते मुख्य विवरणपत्र पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत जावे लागते. उशीर झाला तर दिवसाला पन्नास रुपये विलंबशुल्क. व्यवहारच झाला नसेल तर वीस. आता कोणी म्हणेल, मग दहा तारखेलाच का भरत नाहीत? असे म्हणणाऱ्याने कधी दुकानदार पाहिलेला नाही. आमचे किराणावाले, भांडीवाले, सायकलवाले आपली बिले प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून सतरा-अठरा तारखेला आणतात, आणि वर "अण्णा, तुमच्यावर सोपवले बरं का" असे म्हणून चहा न घेता निघून जातात.

मग अण्णा रात्री जागून आकडे भरतात. शेवटी दुकानदाराच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो फोन करून अण्णांना सांगतो, अण्णा तो भरतात; आणि संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यातल्या त्या पंख्यासारख्या चिन्हावर फुली आलेली असते. २०२४ च्या पावसाळ्यात एका किराणा दुकानदाराचे विवरणपत्र असे दोन दिवस लटकले. अण्णांनी शंभर रुपये स्वतःच्या खिशातून भरले. त्याबद्दल त्यांना काही वाटले नसावे. पण तो दुकानदार त्यांचा शाळासोबती. तो पुढच्या आठवड्यात आला, काही न बोलता आपली फाइल घेऊन गेला आणि बाजारपेठेतल्या एका तरुण सल्लागाराकडे देऊन आला. त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. मी तेव्हा हे प्रकरण आपल्या हातात घ्यायचे ठरवले.

वाचकहो, मी कला शाखेची विद्यार्थिनी. तत्त्वज्ञान हा माझा विषय. "तत्त्वज्ञान घेऊन पुढे काय करणार?" हा प्रश्न आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा पाणी पिण्याआधी विचारतो. त्यामुळे संगणकाच्या दुखण्यात माझा सल्ला कोणी मागितला नव्हता. ज्यांचा मागितला त्यांनी मात्र दिला, आणि भरपूर दिला.

पहिले वैद्य म्हणजे नेट पुरवणाऱ्या खासगी कंपनीचा मुलगा. तो आला, सोप्यातल्या राउटरला त्याने आपला लॅपटॉप वायरने जोडला, वेग मोजला. आमची योजना पन्नास एमबीपीएसची, त्याला अठ्ठेचाळीस दिसले. "काका, लाइन क्लीन आहे. प्रॉब्लेम तुमच्या घरात आहे," असे म्हणून तो गेला. अण्णा चिडले. आई म्हणाली, हे लोक असेच हात झटकतात. मला मात्र तो मुलगा आजही आवडतो, कारण साऱ्या वैद्यांत खरे बोलणारा तो एकटाच होता. फक्त पुढचे अर्धे वाक्य त्याला माहीत नव्हते. कंपनीची लाइन राउटरपर्यंत येते. राउटरपासून संगणकापर्यंतचा बिनतारी प्रवास वेगळा. हे दोन रस्ते वेगळे आहेत हे एकदा मनात ठसले की निम्मे भांडण मिटते. कित्येक घरांत लोक पहिल्या रस्त्यासाठी कंपनीला शिव्या देतात आणि खड्डा दुसऱ्या रस्त्यावर असतो.

दुसरे वैद्य शेजारचे काका. त्यांनी भिंतीकडे बोट दाखवले. आमचे घर म्हणजे वाईतल्या एका जुन्या वाड्याचा वाटणीला आलेला तुकडा. सोपा आणि माजघर यांच्यामधली भिंत दगडमातीची, मोजून पावणेदोन फूट. मेणवलीला नाना फडणविसांनी वाडा बांधला तेव्हा जसा वायफायचा विचार केला नव्हता, तसा आमच्या पूर्वजांनीही केला नाही. १८९५ साली जगदीशचंद्र बोसांनी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये बिनतारी लहरी भिंतींतून आरपार पाठवून पलीकडची घंटा वाजवून दाखवली, हे आम्ही शाळेत अभिमानाने पाठ केले होते. पण भिंत ओलांडताना लहर थकते. ओली भिंत तिला जास्त थकवते, आणि लोखंड तर तिला दारातूनच परत पाठवते. आमचा राउटर लोखंडी कपाटाच्या मागे, आईला त्याचे दिवे रात्री डोळ्यांवर येतात म्हणून, लपवून ठेवलेला होता. तो मी काढून दारासमोरच्या उंच खुंटीवर टांगला. माजघरात एक दांडी दिसायची तिथे तीन दिसू लागल्या, पाने पूर्वीपेक्षा लवकर उघडू लागली. काकांचे म्हणणे काही अंशी खरे ठरले. पण अठरा तारखेला नेट पुन्हा गेले.

तिसरा वैद्य माझा मामेभाऊ. तो पुण्याला असतो, म्हणून त्याच्या शब्दाला वजन. त्याने फोनवरून सांगितले की शेजारपाजारच्या सगळ्यांचे राउटर एकाच चॅनेलवर बोलत असणार. हेही खोटे नव्हते. बिनतारी नेटच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल पुष्कळ, पण ती एकमेकांपासून पाच-पाच मेगाहर्ट्झवर बसलेली, आणि प्रत्येकाला ऐसपैस बसायला वीस लागतात. म्हणून एकमेकांच्या मांडीवर न बसता बसू शकतील अशी तीनच: एक, सहा आणि अकरा. घाटावर तीन कीर्तनकार पुरेसे अंतर ठेवून उभे राहिले तर तिघांचेही कीर्तन ऐकू येते. मधे चौथा घुसला की कोणाचेच येत नाही. आमच्या आळीत नऊ राउटर दिसले, त्यांतले पाच सहाव्यावर. मी आमचा पहिल्यावर नेला. संध्याकाळचा वेग सुधारला. वीस तारखेला नेट गेले.

चौथा वैद्य संगणक दुरुस्त करणारा दुकानदार. त्याच्याकडे सर्व रोगांवर एकच मात्रा होती: "फॉरमॅट मारू." ती लागू पडली नाही तर पंधराशे रुपयांचा रिपीटर. रिपीटर म्हणजे मधे बसून एकाचे ऐकून दुसऱ्याला सांगणारा माणूस. साधा असेल तर तो ऐकतो तेव्हा बोलत नाही आणि बोलतो तेव्हा ऐकत नाही, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. आजार म्हशीला आणि औषध पखालीला ही म्हण आपल्या पूर्वजांनी काय उगीच केली? अण्णा फॉरमॅटला तयारही झाले होते. अकरा दुकानदारांचे हिशेब त्या यंत्रात आहेत म्हणून मी त्यांना एक महिना थांबवले.

त्या महिन्यात आमच्या तर्कशास्त्राच्या तासाला जॉन स्टुअर्ट मिलच्या रीती चालू होत्या. १८४३ च्या त्याच्या ग्रंथातल्या या पाच रीती परीक्षेला हमखास येतात, म्हणून आपण त्या घोकतो आणि उत्तरपत्रिकेतच ठेवून येतो. अन्वय, व्यतिरेक, दोहोंचा संयोग, अवशेष आणि सहचारी परिवर्तन. आपल्या तर्कसंग्रहातही हीच वाट वेगळ्या खुणांनी दाखवली आहे: जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघर, जिथे अग्नी नाही तिथे धूर नाही, जसे सरोवर. सरांनी त्या दिवशी एक वाक्य सांगितले ते मी वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवले. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदललीत तर उत्तर मिळूनही काही कळणार नाही. मला एकदम आमचे चार वैद्य आठवले. प्रत्येकाची मात्रा त्यांनी एकाच आठवड्यात दिली असती आणि रोग बरा झाला असता, तरी तो कशाने बरा झाला हे कोणालाच सांगता आले नसते, आणि पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून आरंभ.

मी एक दोनशेपानी वही केली. तारीख, वेळ, काय चालू, काय बंद, आणि पिंग. पिंगविषयी दोन शब्द सांगते, कारण हे साधन फुकटचे आहे आणि प्रत्येक संगणकात असते. माइक मूस नावाच्या अमेरिकन माणसाने डिसेंबर १९८३ मध्ये ते लिहिले. पाण्याखालच्या पाणबुडीचा ठाव घ्यायला जो नाद सोडतात त्याच्या आवाजावरून त्याचे हे नाव. काळ्या खिडकीत 'पिंग' असे लिहून पुढे राउटरचा पत्ता द्यायचा, आमच्याकडे तो १९२.१६८.१.१ आहे. संगणक राउटरला हाक मारतो, राउटर 'ओ' देतो, आणि या हाकेला किती वेळ लागला ते मिलिसेकंदांत दिसते. राउटरच्या पलीकडे ही हाक जातच नाही. म्हणजे कंपनी, वीस तारखेची गर्दी, सारे जग यातून वगळले जाते. वेग मोजणारी साधने सरासरी सांगतात, आणि सरासरी फसवी. महिन्याची सरासरी काढली तर आमच्या घरी कोणी कधीच उपाशी राहिलेले नाही.

प्रकृती ठीक असताना 'ओ' दोन-तीन मिलिसेकंदांत येई. अठरा तारखेच्या रात्री मी अण्णांच्या खुर्चीमागे स्टूल टाकून बसले. तीन, दोन, तीन; मग दोनशे दहा, चारशे, आणि मग उत्तरच नाही. म्हणजे खड्डा दुसऱ्याच रस्त्यावर. वीस तारखेला सारा देश एकाच दारातून आत शिरतो म्हणून दार अडते, हा घरातल्या सर्वांचा लाडका सिद्धान्त तिथेच निकालात निघाला. आमची हाक त्या दारापर्यंत गेलीच नव्हती. त्याच वेळी त्याच टेबलावर ठेवलेला माझा मोबाइल, त्याच राउटरवर, संथपणे पण न अडखळता चालत होता. मग भिंत कशी दोषी ठरणार? ती मोबाइललाही तेवढीच जाड. अण्णांनी सोप्याच्या खिडकीत आपला फोन ठेवून त्याचे हॉटस्पॉट घेऊन पाहिले. राउटर बदलला, कंपनी बदलली, तरी संगणक अडखळलाच. अवशेष रीतीने उरला तो संगणक. दुकानदाराच्या फॉरमॅटला जणू पाठिंबाच मिळाला. अण्णा म्हणाले, "बघ, तोही तेच म्हणत होता."

पण संगणक तर पाच तारखेलाही तोच असतो. मग पाच तारखेला तो का दुखत नाही?

याचे उत्तर बारा तारखेला मिळाले, म्हणजे ज्या दिवशी काहीच घडू नये अशा दिवशी. मला आमच्या एकांकिकेच्या तालमीचे चित्रण अण्णांच्या बाहेरच्या हार्डडिस्कवर घालायचे होते. ती डिस्क मी मागच्या निळ्या खाचेत लावली. पिंगची खिडकी सवयीने उघडी होती. तीन, दोन, दोन. आणि लगेच एकशे ऐंशी, तीनशे, शून्य. डिस्क काढली: तीन, दोन, तीन. पुन्हा लावली, पुन्हा गेले. मी अण्णांना हाक मारली. आम्ही दोघांनी आळीपाळीने दहा वेळा डिस्क लावली आणि काढली, आणि दहाही वेळा तेच झाले. बाकी सारे तेच, बदल फक्त एका गोष्टीत. पुस्तकातल्या व्यतिरेक रीतीचे यापेक्षा शुद्ध उदाहरण मी तरी पाहिलेले नाही.

आता कोडे आपोआप सुटत गेले. २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास संगणकातली जुनी डिस्क अचानक बिघडून अण्णांचे दोन महिन्यांचे हिशेब गेले होते. पोळलेले अण्णा तेव्हा ही बाहेरची डिस्क घेऊन आले, आणि तेव्हापासून ज्या रात्री महत्त्वाचे काम त्या रात्री ती लावून बसायचे, दर तासाला एक प्रत काढायची, असा त्यांचा नेम. महत्त्वाचे काम सतरापासून वीसपर्यंत. एरवी ती डिस्क कपाटात. म्हणजे वीस तारखेशी दुखण्याचा संबंध खरा होता, पण मधला दुवा कोणालाच दिसत नव्हता. जितकी काळजी जास्त, तितका ताप जास्त.

डिस्कचा आणि नेटचा संबंध काय, हे समजायला मला आठवडा लागला. आमच्या संगणकात बिनतारी सोय मुळात नाही. ती नखाएवढ्या एका डाँगलने होते, आणि तो मागच्या बाजूला डिस्कच्या खाचेला अगदी खेटून बसवलेला होता. निळी खाच म्हणजे यूएसबी ३.०. तिच्यातून सेकंदाला पाच अब्ज बिटांपर्यंत माहिती धावते, आणि एवढ्या घाईने धावताना खाचेतून, केबलमधून रेडिओलहरींचा एक गोंगाट बाहेर सांडतो. तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही पसरतो. इंटेलने एप्रिल २०१२ मध्ये यावर एक तपशीलवार टिपण काढले होते. बिनतारी डाँगल अशा डिस्कपासून दूर ठेवावा हा सल्ला त्यात आहे. म्हणजे चूक ना डिस्कची, ना डाँगलची. दोघेही आपापल्या जागी सज्जन. राउटर पावणेदोन फुटी भिंतीपलीकडून हळू आवाजात बोलतो आहे आणि ऐकणाऱ्याच्या कानाशी कोणीतरी खलबत्त्यात दाणे कुटतो आहे, असा हा प्रकार. माझा मोबाइल हातभर लांब होता, म्हणून त्याला ऐकू येत होते.

उपाय अनेक होते. डिस्क पुढच्या काळ्या, जुन्या पद्धतीच्या खाचेत लावता आली असती. गोंगाट नाही, पण प्रत काढायला चौपट वेळ. पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जाता आले असते. तिथे हा गोंगाट पोहोचत नाही. पण त्यासाठी नवा डाँगल हवा, आणि त्या लहरी आमच्या भिंतीपुढे आणखीच लवकर हात टेकतात. आम्ही बाजारातून दीड मीटरची यूएसबीची जोडवायर आणली, एकशे वीस रुपयांना. डाँगल तिच्या टोकाला लावून तो माजघराच्या कोनाड्यात, जिथे पूर्वी समई असे, तिथे ठेवला. आईने आधी नाक मुरडले आणि मग त्याच्याखाली एक छोटा रुमाल अंथरला. त्या महिन्यात वीस तारखेला मी पिंग लावून रात्रभर बसले. डिस्क चालू, प्रती निघत होत्या, आणि 'ओ' तीन-चार मिलिसेकंदांत येत होती. मध्यरात्रीनंतर अण्णा म्हणाले, "जा, झोप आता. सगळी गेली." विवरणपत्रे, म्हणजे.

खरे तर माझे समाधान झालेले नव्हते. घरातला संगणक जागचा हलत नाही. मग त्याला बिनतारी ठेवायचा हट्ट का? सोप्यातून माजघरात जाणाऱ्या भिंतीला छताजवळ एक भोक आहे. आजोबांच्या रेडिओची एरियलची तार त्यातून जात असे. त्या रेडिओला टपालकचेरीतून परवाना काढावा लागे आणि आजोबा तो वर्षाच्या वर्षी निष्ठेने भरत. आताच्या या राउटरला कोणी परवाना विचारत नाही. यंदा दिवाळीच्या सुटीत मी त्या भोकातली जळमटे काढून पंधरा मीटरची नेटवर्क केबल ओवली आणि संगणक वायरने जोडून टाकला. आता पिंगला एक मिलिसेकंदही लागत नाही. कोनाड्यातला डाँगल निघाला आणि समई परत आली.

आळीत मात्र माझे नाव झाले आहे. गेल्या महिन्यात दोन घरांतून बोलावणे आले. एका ठिकाणी राउटर माशांच्या काचेच्या टाकीमागे होता आणि दुसऱ्या ठिकाणी मायक्रोवेव्ह भट्टीला टेकून. ती भट्टीही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवरच अन्न तापवते, त्यामुळे त्या घरात दूध गरम करताना मुलीचा ऑनलाइन वर्ग बंद पडायचा. दोन्ही ठिकाणी मी वही उघडून पहिला प्रश्न विचारला: केव्हा होते, आणि केव्हा होत नाही? केव्हा होते ते सगळे घडाघडा सांगतात. केव्हा होत नाही हे कोणी पाहिलेलेच नसते.

आमच्या गावात मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि आता सारा कोश संगणकावर वाचता येतो. गेल्या वर्षीपर्यंत मी घरी एखादी नोंद उघडायला घेतली तर ती उघडेपर्यंत चालत तिथपर्यंत जाऊन यावे असे वाटे. आता उघडते.

अण्णांकडे सध्या दहाच फायली आहेत. कपाटाच्या वरच्या फळीवर प्रत्येक दुकानदाराचा एक कप्पा आहे, त्यावर नावाची चिठ्ठी. त्या किराणा दुकानदाराला मी रस्त्यात गाठून सगळा प्रकार सांगितला; डिस्क, डाँगल, गोंगाट, सारे. त्याने शांतपणे ऐकून घेतले, "असं होय," म्हणाला, आणि अण्णांची तब्येत विचारली. फाइल काही आलेली नाही. कप्प्यावरची चिठ्ठी अण्णांनी काढलेली नाही.